सोनारीच्या शेततळ्यातले जिताडे

सोनारीहून परत आल्यापासून आमच्या खारेपाटात जो भेटतो तो मला माकडांबद्दल विचारतो. तिथल्या काळभैरवाच्या देवळात माकडांचं राज्य आहे, हे कुणीतरी मोबाइलवर पाहिलेलं असतं. मग मीही खुशाल माकडांबद्दल सांगत बसतो. ती कशी पायरीवर रांगेने बसतात, कशी हातातली पिशवी बघून माणूस निवडतात, आमच्या हिच्या हातातला नारळ एकीने कसा हक्काने काढून घेतला, सगळं साग्रसंगीत सांगतो. पण "मासे कसे निघाले?" असं कुणी विचारलं की माझं काहीतरी काम निघतं. परवा चारचौघांत आमची ही म्हणाली, "यांना माकडांचंच विचारा हो. माशांचं विचारलंत की यांचं डोकं दुखतं." सगळे हसले, मीही हसलो. घरी आलो आणि म्हटलं, आता लिहूनच टाकावं. तोंडाने सांगायची माझी छाती नाही.

खारेपाटाबाहेरच्या वाचकांसाठी आधी जिताड्याची ओळख करून देतो. आम्ही अलिबाग-पेणच्या पट्ट्यातली माणसं, समुद्राला बांध घालून शेती करणारी. जिताडा हा आमचा मानाचा मासा. पाठ शेवाळी-करडी, पोट रुपेरी, कपाळ थोडं खोलगट आणि तोंड हे एवढं. डोळ्यांवर उजेड पडला की ते लालसर चमकतात. कल्ल्याची कड इतकी धारदार की नवख्याचा हात फाटतोच. जन्मतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात, आणि पिल्लं भरतीबरोबर बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारातून, आमच्या शेतांत आणि तळ्यांत शिरतात. गोड्या पाण्यात मजेत वाढतो, पण अंडी घालायची तर त्याला पुन्हा समुद्र लागतो. आणखी एक गंमत म्हणजे जन्मताना हे सगळे नर असतात. वाढता वाढता, काही वर्षांनी, त्यांची मादी होते. निसर्गाने असं का ठेवलं असेल ते त्यालाच माहीत.

आमच्याकडे ज्याचा मान राखायचा त्याच्या घरी जिताडा पोचवतात. लेकीच्या सासरी तर पोचवायलाच हवा. आता माझी लेक प्राची पडली परांडा तालुक्यात, धाराशिव जिल्ह्यात. पुण्यात नोकरीला असताना गणेशशी जमलं, लग्न झालं आणि दोघं त्याच्या गावाकडे, सोनारीजवळच्या शेतावर राहायला गेली. तिथवर मासा ताजा कसा पोचणार? मला वाटलं, मासा कशाला, तळंच भरून देऊ. त्यांच्याकडे मोठं शेततळं होतं. दीड वर्षापूर्वी जावईबापू आले होते, तेव्हा बोटाएवढाली जिताड्याची पिल्लं हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून त्यांच्या गाडीत घालून दिली. नातेवाइकांत आठवडाभर माझा रुबाब चालला होता.

प्राचीने तेव्हा फोन केला होता. म्हणाली, "बाबा, आईंनी तळ्यात रोहू सोडलेत. त्यांचे स्वतःचे आहेत. चालेल ना?" आई म्हणजे तिच्या सासूबाई. मी म्हटलं, न चालायला काय झालं, आपल्या तळ्यांत काय एकटा जिताडाच असतो का? पुढे या गेल्या हिवाळ्यात तिने पुन्हा विचारलं की आईंचे रोहू दिसत नाहीत. मी सांगितलं, थंडीत तळाशी बसतात. हे दोन्ही फोन वाचकाने लक्षात ठेवावेत. मी विसरलो होतो.

वाटेत

चैत्रात व्याह्यांचा, बब्रुवानरावांचा फोन आला. तळ्याचं पाणी उतरलं आहे, आता मासे काढायचे आहेत, मासा तुमचा आहे तर तुम्हीच येऊन काढा. मला काय, पाहिजेच होतं. दुसऱ्याच दिवशी आमची ही आणि मी गाडी काढून निघालो. मागच्या सीटवर आगरी मसाल्याचा डबा, चिंच, कोकम आणि नारळांची पिशवी. तिकडे जिताड्याचं कालवण कोणाला जमणार, असं मी दोनदा म्हणालो. ही खिडकीबाहेर बघत होती.

भिगवणला जेवलो. उजनीच्या पाण्यातला मासा इथे झकास मिळतो, पण तेव्हा माझं नाक वर होतं. गोड्या पाण्यातल्या माशाला चव कसली, असं मी हॉटेलवाल्याला ऐकवलं आणि जिताडा ठेवता का म्हणून विचारलं. त्याने नावही ऐकलेलं नव्हतं. मग मी त्याचा शिकवणीवर्ग घेतला. नर, मादी, लाल डोळे, सगळं. तो गल्ल्यावर बसून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "व्हय का? मग खातो काय हा एवढा मोठा व्हायला?" मी म्हणालो, मिळेल ते. ताटातलं सगळं मात्र मी चाटूनपुसून खाल्लं, हेही खरं.

कुर्डुवाडीनंतर मुलूख मोकळा होत गेला. ज्वारी काढून झाली होती, कडब्याच्या गंजी रचल्या होत्या. काळी जमीन उन्हाने भेगाळलेली. आमच्याकडे मान वळवावी तिकडे पाणी दिसतं, आणि ते दिवसातून दोनदा येतं नि जातं. इथे काहीच येत नव्हतं नि जात नव्हतं. भरती नाही, ओहोटी नाही, अशा मुलखात माणसं दिवस कसा काय मोजत असतील, असं मी हिला विचारलं. ही म्हणाली, "घड्याळावर."

सोनारी

बब्रुवानराव म्हणजे उंच, सावळा, बेताचं बोलणारा माणूस. विहीणबाई कौसल्याबाई त्यांच्या बरोबर उलट. उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी, मग गूळ आणि पाण्याचा तांब्या, मग चहा, आणि सोबत त्यांचं बोलणं न थांबता चालू. आमच्याकडे व्याही आले की पहिला तासभर सगळे खुर्चीच्या कडेवर बसतात. इथे मी पाचव्या मिनिटाला बाजेवर लोळत होतो.

संध्याकाळी काळभैरवाचं दर्शन आणि माकडं उरकली. रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगाची चटणी, वर कच्चा कांदा. येसर म्हणजे त्यांच्याकडे भाजल्या धान्यांत काळा मसाला घालून करतात ते पीठ. आमटी अशी दाट आणि खमंग होते की नारळाची आठवण येत नाही. जेवण अंगावर आलं की माझी जीभ सैल सुटते. मी सुरू झालो. जिताडा कसा मानाचा, आमच्याकडे त्याचं डोकं पंगतीतल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या ताटात कसं पडतं, आणि हे सगळे नर वयाने वाढले की बायका कशा होतात.

विहीणबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "सगळेच्या सगळे?"

"सगळेच. तेवढे जगले-वाचले तर."

"बरं हाय की," त्या म्हणाल्या. "उशिरा का व्हईना, सुधारत्यात म्हणायचं."

प्राची हसली, आमची ही तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बब्रुवानरावसुद्धा मिशीत हसले. मग विहीणबाई आपल्या रोहूंबद्दल बोलू लागल्या. गावातल्या एका बाईने मासे सोडल्याचं त्यांनी ऐकलं आणि मनात घेतलं की आपणही सोडायचे. घरचे हसले. बाईमाणसाने शेळ्या पाळाव्या, कोंबड्या पाळाव्या, मासे कसले? त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. रोज सकाळी शेंगदाण्याची पेंड भिजवून तळ्यावर न्यायच्या. कठड्यावर ताटली वाजवली की सगळे रोहू तोंडं वर करून गोळा व्हायचे. तिथे त्यांच्याशी त्या काय काय बोलायच्या म्हणे, घरात बोलायची सोय नसेल तेही. मग हळूहळू ते येईनासे झाले. थंडीने मेले असतील म्हणून पावसाळ्यात पुन्हा नवी पिल्लं सोडली. काही महिने तीही आली, मग तीही येईनाशी झाली. प्राचीने सांगितलं, तळाशी बसतात. तेव्हा जिवात जीव आला. आता उद्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या मासोळ्या त्यांच्याच हाताने वाढायच्या होत्या.

"तुमचा ह्यो मासा येगळा, माझा येगळा," त्या मला म्हणाल्या. "तुमचा मानाचा. माझा आपला लाडाचा."

मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसलो. माझ्या शेजारी आमच्या हिचं हसणं थांबलेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. प्राचीनेही पाहिलं नाही. ती ताटातली चटणी बोटाने गोळा करत होती. तेव्हा कुठे मला ते दोन फोन आठवले. तरी म्हटलं, एवढं मोठं तळं आहे, काहीतरी उरलं असेलच.

तळ्यावर

सकाळी तळं पाहिलं आणि उरलीसुरली आशा सुटली.

मी ते आजवर फोटोतच पाहिलं होतं. चौकोनी, खोल, उतारांसकट सगळ्यावर काळं प्लास्टिक अंथरलेलं. पाणी विहिरीचं, पंपाने चढवलेलं. काठाला गवताची काडी नाही, चिखल नाही, खेकड्याचं बीळ नाही. आमच्या तळ्यात दर भरतीला उघाडीतून जवळा येतो, कोलंबी येते, खरब्या, निवट्या, नाना तऱ्हेची बारीक मासळी येते. जिताडा दिवसरात्र तोंड उघडून तेच खात असतो. त्याला खायला घालावं लागतं, हे आमच्याकडे पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण ते काम समुद्र करतो. इथे समुद्र नव्हता. इथे ताटली वाजवणाऱ्या कौसल्याबाई होत्या आणि त्यांच्या ताटलीला वर येणारे रोहू होते. जिताडा पेंड खात नाही. जिताडा जिवंत मासा खातो, तोही मिळेनासा झाला तर आपल्यापेक्षा लहान जिताडा खातो. हे मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. फोनवर सांगावं एवढंच सुचलं नव्हतं.

"अहो," आमची ही हळूच म्हणाली, "आत्ताच सांगून टाका. जाळं टाकायच्या आत."

"बघू तर दे," मी म्हणालो.

अर्धा गाव जमला होता. बायका वेगळ्या, कठड्याच्या सावलीला, डब्या-पातेल्यांसह. मी मोठ्या ऐटीत पहिली सूचना द्यायला पुढे झालो आणि प्लास्टिकवरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेलो. आमच्या चिखलात माणूस रुततो, घसरत नाही. मला वर काढलं ते ग्यानबातात्यांनी. हे व्याह्यांच्या शेजारच्या वावराचे मालक, वयाने साठीच्या पुढचे, अंगाने काटक. तळ्यावरच्या पंपाची आणि एकूण शिवाराची राखण तेच करायचे, आपणहून. त्यांनी मला हाताला धरून वर घेतलं आणि स्वतःच्या उपरण्याने माझे पाय पुसले. मी नको नको म्हणत होतो.

मग जाळं ओढलं. दोन्ही काठांवरून माणसं दोऱ्या धरून चालत होती. तात्याही एका दोरीला होते, पण जाळ्याकडे पाठ करून ओढत होते. मला ते जरा विचित्र वाटलं. जाळं दुसऱ्या टोकाला आलं, पाणी खवळलं, एक जिताडा जाळ्यावरून उडी मारून पलीकडे गेला आणि लोकांनी आरडाओरडा केला. मलाही क्षणभर वाटलं, वा. मग जाळं वर आलं. चार-सहा दणदणीत जिताडे आणि त्यांच्या मधोमध दोन-तीन थोराड रोहू. पुन्हा ओढलं. एक जिताडा, पण तो उडी मारलेला नव्हे. तिसऱ्यांदा काहीच नाही.

गलका हळूहळू बसला. बायकांच्या बाजूने एक पातेलं दगडावर आपटल्याचा आवाज आला. विहीणबाई कठड्यावर उभ्या होत्या, हातात त्यांची ती ताटली. माशांकडे न बघता त्या अजून पाण्याकडेच बघत होत्या.

बब्रुवानराव माझ्याजवळ आले. "पाव्हणं, तुम्ही जाणकार. दोन डाव मासे सोडले हिनं. गेले कुठं?"

आत्ता बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की माझ्या माशाने खाल्ले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. माझी विजार ओली, पायाला प्लास्टिकवरचं शेवाळ, आणि मी खारेपाटातून आलेला जाणकार. माझ्या तोंडून बाहेर काय पडावं?

"इथं राखण कोण करतं?"

एवढंच बोललो. नाव कुणाचं घेतलं नाही, असं मी नंतर बराच वेळ स्वतःला समजावत होतो. पण सगळ्या माना एकदम तात्यांकडे वळल्या. तात्या दोरीचं वेटोळं करत होते. ते थांबले.

विहीणबाई पहिल्यांदा पाण्यावरून नजर काढून माझ्याकडे वळल्या. "पाव्हणं," त्या शांतपणे म्हणाल्या, "तात्या माळकरी हायत."

तेव्हा मला त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली. पाठ करून दोरी का ओढत होते ते कळलं. मासा जाळ्यात तडफडताना त्यांना बघवत नव्हता, तरी शेजारधर्म म्हणून आले होते. ह्या माणसाने मघाशी माझे पाय पुसले होते. जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं म्हणतात ना, मला तर त्या घसरड्या उतारावरून पुन्हा पाण्यात जावंसं वाटलं. कुणीतरी म्हणालं, मग पलीकडच्या वस्तीवरची पोरं असतील. कुणी म्हणालं, गणपाच्या पुतण्याचे हात लांब आहेतच. चोर शोधायला सुरुवात झाली आणि मी तिथेच उभा.

चुलीपाशी

घरी आलो तेव्हा जिताडा कापायचा कसा हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मी पुढे झालो. मला तेवढंच हवं होतं. कारण पोटात काय निघेल ते मला ठाऊक होतं आणि ते आणखी कुणी बघायला नको होतं. परसात मोरीच्या दगडावर एकटा बसलो. सगळ्यांत मोठ्याचं पोट फाडलं. आत वीतभर रोहू, खवल्यांसकट, डोळ्यांसकट. नुकताच, सकाळीच गिळलेला असावा.

मी तो आतड्यांच्या ढिगाखाली सारला आणि वर केळीचं पान टाकलं. तेवढ्यात पाठीमागून पाण्याचा हंडा घेऊन विहीणबाई आल्या. माझ्या हातांवर पाणी घालायला वाकल्या, तो पानाखालून शेपूट बाहेर आलेलं. रोहूचं शेपूट त्या ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार? त्यांनी पान उचललं. पाणी माझ्या हातांवरून वाहत राहिलं.

"माझंच हाय न्हवं हे?"

मी मान हलवली.

"सगळेच असे गेले?"

"हो," मी म्हणालो. "मला माहीत होतं. म्हणजे, माहीत असायला हवं होतं. नाही, माहीत होतंच. प्राचीने विचारलंही होतं."

मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलावं असं फार वाटलं. त्यांनी तो मासा पदराच्या टोकाने झाकून घेतला, लिंबाच्या झाडाखाली पायानेच खड्डा उकरून पुरला आणि हात धुऊन परत आल्या. "तुम्ही लेकीच्या घरी आलायसा," एवढंच म्हणाल्या. "बायका वाट बघाय लागल्यात. मसाला कुठला घालायचा ते सांगा."

त्यांनी मला सोडलं होतं. कुणाला कळणार नव्हतं. पण मला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नव्हती. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

आमच्या हिने खारेपाटचं कालवण केलं, विहीणबाईंनी येसर घालून रस्सा केला. दोन-तीन रोहू कुणाला पुरणार, म्हणून ज्या बायकांना रोहू मिळायचे होते त्यांच्या वाट्याला जिताड्याची एकेक फोड आली. बाहेर ओसरीवर पुरुषांची पंगत. तात्याही आले होते. बब्रुवानरावांनी त्यांना मुद्दाम जाऊन बोलावून आणलं होतं. थोडे बाजूला, वेगळ्या ताटात पिठलं-भाकरी घेऊन बसले. पंगतीत बोलणं तेच. गणपाच्या पुतण्याला आता सरळ विचारूच, असं दोघेतिघे म्हणत होते.

विहीणबाई पातेलं घेऊन आल्या. रश्श्यातलं ते सगळ्यांत मोठ्या जिताड्याचं डोकं त्यांनी पळीने अलगद उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. "पाव्हण्यांच्यात मानाच्या माणसाला देत्यात," त्या पंगतीला म्हणाल्या. आवाजात टोमणा होता की नाही, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

डोकं माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होतं. मला घास उचलवेना. दाराच्या आत प्राची उभी होती. ती मला लहानपणापासून ओळखते. माझ्या बढाया तिने शाळेत असल्यापासून सहन केल्या आहेत आणि एकदाही चारचौघांत खोडल्या नाहीत. आताही खोडणार नव्हती. मग ह्या घरात राहून रोज सासूच्या त्या ताटलीकडे बघणार होती.

मी उठून उभा राहिलो. उभा राहायची काही गरज नव्हती, पण बसून जमलं नसतं.

"कुणाच्या पुतण्याला काही विचारू नका," मी म्हणालो. "चोरी झालेली नाही. विहीणबाईंचे मासे माझ्या माशांनी खाल्ले. जिताडा मासेच खातो. प्राचीने मला दोनदा विचारलं होतं, मी दोन्ही वेळा चालेल म्हणालो. सकाळी तळ्यावर हे माहीत असूनही मी राखणीचं विचारलं. तात्या, माझं चुकलं."

आत बायकांच्या बांगड्यांचा आवाज थांबला. बब्रुवानरावांनी ताटावरची नजर वर केली नाही. तात्यांनी तोंडातला घास नीट चावून गिळला, तांब्यातून पाणी प्यायले. रागावलेले अजिबात नव्हते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "एक सांगा. माळ नसती माझ्या गळ्यात, तर म्या चोर ठरलो असतो का न्हाय?"

रोज गाडी चालवताना, बांधावर फिरताना तो प्रश्न मला आठवतो आणि मी एकट्यानेच मान खाली घालतो.

"बसा आता," विहीणबाई म्हणाल्या. "डोकं गार व्हायलंय."

मी बसलो आणि ते खाल्लं. कल्ले, गाल, डोळ्यामागचं मांस, सगळं. आमच्याकडे हे खायला मिळावं म्हणून माणसं रुसतात. सगळी पंगत उठली तरी मी खातच होतो आणि कुणी मला लवकर आटपा म्हणालं नाही.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांच्या वावरात गेलो. त्यांनी चहा दिला, आंब्याची झाडं दाखवली, पंप कसा बिघडतो ते सांगितलं. कालच्याबद्दल अक्षर नाही. मी विषय काढायला गेलो तर म्हणाले, झालं की आता. पण निघताना वेशीपर्यंत पोचवायला यायची त्यांच्याकडे रीत आहे, ते मात्र कुंपणापर्यंतच आले. ते मी मनात ठेवलंय.

गाडीत विहीणबाईंनी येसराचा डबा, शेंगाची चटणी आणि ज्वारीचं पीठ भरून दिलं. आमच्या हिची ओटी भरली. आमच्याकडून रोहूची पिल्लं मी स्वतः घेऊन येईन, म्हणाल तितकी, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "नको. पुढच्या खेपंला मासे आणू नका. माणसं तेवढी या."

प्राची गाडीच्या काचेशी वाकली. तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, तिची आई करते तशी.

गाडी सुरू झाल्यावर विहीणबाईंना काहीतरी आठवलं. त्या पुढे आल्या. जाळ्यावरून उडी मारून निसटलेला तो एक जिताडा अजून तळ्यातच होता. बब्रुवानराव काढू म्हणत होते, पण त्यांनी काढू दिला नव्हता.

"त्याला काय घालणार खायला?" मी विचारलं. विचारतानाच लाज वाटली, कारण हा प्रश्न दीड वर्षापूर्वीचा होता.

"बघू. ओढ्यातल्या बारक्या मासोळ्या आणीन," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालासा न्हवं, वय झालं की बाई व्हतो. व्हऊ द्या की. तेवढी तरी सुधारणा बघू."

परतीच्या वाटेवर भिगवणला आम्ही पुन्हा जेवलो. हॉटेलवाल्याने मला ओळखलं आणि मोठ्या उत्साहाने विचारलं, काय, निघाले का तुमचे जिताडे? मी रोहूची थाळी मागवली आणि गप जेवलो. चांगला होता मासा. पहिल्याही वेळी चांगलाच होता.

आता दर रविवारी प्राचीचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलणं झालं की ती फोन सासूबाईंकडे देते. मी आधी सगळ्यांची खुशाली विचारतो, तात्यांची विचारतो, पाऊसपाणी विचारतो. मग शेवटी, जरा खाकरून, तळ्यातल्याचं विचारतो. पलीकडे बांगड्या किणकिणतात. बहुतेक त्या पदर तोंडावर धरून हसत असाव्यात.

"न्हाय अजून," त्या सांगतात. "अजून बाप्याच हाय."